स्वतःचे आतडे फेकून जीव वाचवणारी समुद्रकाकडी

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतील एका मुलाने वडिलांच्या मोबाईलवर आलेली एक चित्रफीत मला दाखवली. वाळूत एक काळसर, लांबोडका, काकडीसारखा प्राणी पडलेला होता. एक खेकडा त्याला नांगीने डिवचत होता. थोड्या वेळाने त्या प्राण्याने आपले मागचे टोक खेकड्याकडे वळवले आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका बाहेर पडून खेकड्याच्या पायांत असा गुंतला की त्याला हलताही येईना. खाली लिहिले होते की हा प्राणी संकटात सापडला की स्वतःची आतडी बाहेर फेकतो आणि पुन्हा नवी उगवून घेतो. "मॅडम, हे कम्प्युटरनं बनवलेलं हाय ना?" असे मुलाने विचारले. त्याला घ्यायला आलेली आजी म्हणाली, "आतडं फेकून कोनी जित्तं राह्यते काय, बाई?"

दोघांची शंका रास्त होती. आज संगणकावर कोणताही प्राणी कल्पनेतून घडवता येतो, आणि मोबाईलवर आले म्हणून खरे मानू नये हे तर आम्हीच मुलांना शिकवतो. मात्र हा प्राणी कल्पनेतला नाही. त्याचे नाव समुद्रकाकडी. तमिळनाडू किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर वाळवलेल्या समुद्रकाकड्यांची पोती पकडली गेल्याची बातमी अधूनमधून येते, ती याच प्राण्याची. चित्रफितीखालच्या मजकुरात एक गोष्ट मात्र चुकलेली होती, आणि ती चूक समजून घेतली की या प्राण्याचे सारे शास्त्र उलगडत जाते.

यवतमाळ जिल्ह्यातून कोणत्याही दिशेने निघाले तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. त्यामुळे येथील उदाहरणे शेतातली, गोठ्यातली आणि घरातली घेतली आहेत. प्राणी मात्र त्याच्या समुद्रातच राहू दिला आहे.

ही काकडी म्हणजे नेमके काय?

नावात काकडी असली तरी ही वनस्पती नाही. दहावीला प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना कंटकचर्मी नावाचा संघ येतो. तारामासा त्याच संघातला, आणि समुद्रकाकडी त्याची नातलग. तारामाशाचे पाच हात एकत्र मिटले, त्याला लांब ओढले आणि आडवे निजवले तर जो आकार होईल, तोच साधारण समुद्रकाकडीचा. म्हणूनच तिच्या शरीरात लांबीच्या दिशेने जाणारे स्नायूंचे पट्टेही पाचच असतात. जगात तिच्या सतराशेहून अधिक जाती आहेत. काही बोटाच्या पेराहून लहान, तर काही माणसाच्या उंचीहून लांब.

तिला मेंदू नाही, डोळे नाहीत, दात-नखे नाहीत, आणि पळण्याइतका वेगही नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे असते, त्यावरच तिचा कारभार चालतो. तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांनी ती तळाची वाळू तोंडात घालते, वाळूतील कुजके कण पचवते आणि उरलेली वाळू मागून टाकते. श्वास ती मागच्या छिद्रातून घेते. शरीराच्या आत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दोन नळ्या असतात आणि मागचा कप्पा लोहाराच्या भात्यासारखा उघडझाप करून त्यांत पाणी भरतो. हे सांगितल्यावर मुले हसली, पण एका मुलीने विचारले, "मग त्या वाटेनं कोनी आत शिरत नाही काय?" शिरतो. एक सडपातळ मासा याच वाटेने आत शिरून तिच्या पोटात मुक्काम करतो, आणि काही जातींच्या समुद्रकाकड्यांना याच छिद्राभोवती दातांसारखे कठीण उंचवटे असतात.

एवढ्या मऊ, संथ आणि निःशस्त्र प्राण्याला खेकडे, मासे, तारामासे आयते खाद्य समजणार हे उघड आहे. मग ती जगते कशी?

खेकड्याच्या पायांत गुंतलेले दोरे आतडे नव्हते

मजकुरातील चूक ती हीच. खेकड्याला गुंतवणारे पांढरे दोरे हे आतडे नव्हे. तो एक वेगळाच अवयव आहे आणि त्याचे काम संरक्षणाशिवाय दुसरे कोणतेही नाही. त्यांना क्युव्हिए नलिका म्हणतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांच्यावरून हे नाव पडले. यापुढे मी त्यांना नुसते दोरे म्हणेन.

हे दोरे श्वासनळ्यांच्या बुडाशी एका टोकाने चिकटलेले असतात आणि पोटाच्या पोकळीत मोकळे लोंबतात. युरोपच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या एका जातीवर याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे. तिच्या पोटात असे काही शे दोरे असतात. शत्रूने वारंवार डिवचले की ती मागचे टोक त्याच्याकडे रोखते आणि अंग आवळते. मागच्या कप्प्याची भिंत तेवढ्यापुरती फाटते आणि पाण्याच्या जोराने दहा-वीस दोरे बाहेर येतात. बाहेर येताना ते मूळ लांबीच्या वीसपटीपर्यंत ताणले जातात, आणि कशाला टेकले की काही सेकंदांत चिकटतात.

येथे विचार करणाऱ्या वाचकाला प्रश्न पडेल की इतका चिकट पदार्थ पोटात असताना तो आतल्या अवयवांना का चिकटत नाही. याचे उत्तर मला या प्राण्याच्या रचनेतील सर्वांत सुबक गोष्ट वाटते. चिकट द्रव्य असलेल्या पेशी दोऱ्याच्या वरच्या पापुद्र्याखाली चुण्यांमध्ये दडलेल्या असतात. दोरा ताणला गेला की चुण्या उलगडतात, वरचा पापुद्रा सुटून जातो आणि चिकट पेशी उघड्या पडतात. घडी घातलेल्या चादरीची आतली बाजू चादर ताणल्याशिवाय दिसत नाही, तसेच हे. त्यामुळे पोटात दोरा निरुपद्रवी असतो आणि बाहेर पडतापडताच चिकट होतो. पाखरे धरण्यासाठी वडाच्या चिकापासून लासा करतात, त्याची आठवण यावी असा हा प्रकार आहे. फरक एवढाच की चिकाचा लासा ओल्या जागी धरत नाही आणि समुद्रकाकडीचा गोंद पाण्यातच धरतो. हा गोंद मुख्यतः प्रथिने आणि कर्बोदके यांचा बनलेला असतो. ओल्या जखमेवर टिकेल असा गोंद माणसाला हवाच असतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याकडे लक्ष देऊन पाहत आहेत.

दोरे सोडून समुद्रकाकडी सावकाश निघून जाते. आत शेकडो शिल्लक असल्याने तिला पुन्हापुन्हा मारा करता येतो आणि गेलेल्या दोऱ्यांच्या जागी साधारण पाच आठवड्यांत नवे येतात. मात्र सगळ्याच जातींना ही सोय नाही. ती प्रामुख्याने एका कुळापुरती मर्यादित आहे.

मग आतडे फेकते, हे खोटे का?

तेही खरेच आहे, पण तो दुसरा उपाय आहे. ज्यांना दोरे नाहीत अशा अनेक जाती गंभीर संकटात पोटातील अवयवच बाहेर टाकतात. काही जातींत आतडे मागच्या छिद्रातून बाहेर येते आणि त्याबरोबर श्वासनळ्या किंवा प्रजननाचे अवयवही जाऊ शकतात. दुसऱ्या काही जातींत अंगाची पुढची बाजू फाटते आणि तोंडाभोवतीच्या बोटांसकट सारा पुढचा भाग गळून पडतो. मागे लागलेल्या कुत्र्यापुढे हातातली भाकर टाकून माणूस वाट काढतो, तसा शत्रू त्या मऊ घासात गुंततो आणि रिकाम्या पोटाची समुद्रकाकडी एखाद्या फटीत सरकते.

शत्रूशिवायही असे घडते. पाणी खराब झाले, तापले, किंवा एका टाकीत फार दाटी झाली तरी ती आतडे टाकते. म्हणून हा केवळ लढाईतला डाव आहे असे मानू नये. संकटात जे पुन्हा मिळवता येईल ते सोडून द्यायचे आणि जे मिळवता येणार नाही ते राखायचे, अशी तिच्या शरीराची रचनाच आहे.

कडब्याची पेंडी आणि समुद्रकाकडीची कातडी

आजीचा खरा प्रश्न हा होता की आतडे आतून धरलेले असताना ते सुटते कसे. गाय-बैलाचे पोट फाडल्यावरही आतडे आपसूक बाहेर पडत नाही. ते पातळ पण चिवट पडद्याने पाठीला बांधलेले असते. समुद्रकाकडीतही ते असेच बांधलेले असते. पण तिच्याजवळ एक गोष्ट अशी आहे जी गाय-बैलात नाही आणि माणसातही नाही.

आपल्या कातडीत आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोरांत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. त्यांचा चिवटपणा ठरलेला असतो. मनात आणले म्हणून आपली कातडी सैल होत नाही. समुद्रकाकडीच्या कातडीतही कोलॅजेनच आहे, पण तिच्या मज्जातंतूंच्या हुकुमावर हे तंतू काही सेकंदांत एकमेकांना घट्ट धरतात किंवा सोडून देतात. या ऊतीला आपण पकड-ऊती म्हणू.

हे समजावण्यासाठी मी वर्गात कडब्याची पेंडी आणवली. चौथ्या बाकावरचा मुलगा घरून सायकलला बांधून ती घेऊन आला. दावे गच्च आवळलेले होते, तेव्हा पेंडी मेढीसारखी सरळ उभी राहिली. दोन मुलांनी तिला वाकवण्याचा प्रयत्न केला, पण ती वाकली नाही. मग दाव्याची गाठ थोडी ढिली केली. धांडे तेच होते, तितकेच होते, एकही मोडला नव्हता, पण पेंडी कमरेत वाकली आणि पाहतापाहता फरशीवर पसरली. पकड-ऊतीत हेच घडते. कोलॅजेनचे तंतू म्हणजे धांडे, आणि तंतूंना एकमेकांशी जखडणारी काही प्रथिने म्हणजे दावे. त्यांपैकी एकाचे नाव टेन्सिलिन आहे. त्याने ऊती कडक होते. ऊती सैल करणारी वेगळी द्रव्येही सापडली आहेत. यात स्नायू लागत नाहीत, म्हणून घट्ट राहण्यासाठी फारशी शक्तीही खर्च होत नाही. पेंडी एकदा आवळली की ती उभी ठेवायला कोणी धरून राहावे लागत नाही, तसेच हे आहे.

आता पुढचे सोपे होते. एरवी समुद्रकाकडी आपली कातडी गरजेप्रमाणे कडक किंवा नरम ठेवते. अरुंद फटीत शिरायचे असेल तर ती नरम होऊन आत ओघळते आणि आत गेल्यावर कडक होऊन बसते, मग तिला ओढून काढणे अवघड जाते. आतडे टाकायचे असेल तेव्हा आतडे बांधून ठेवणारे ठरावीक दोर काही सेकंदांत सैल होतात आणि अंगाच्या आकुंचनाने सारे बाहेर ढकलले जाते. म्हणजे आतडे हिसका बसून तुटत नाही. ठरलेल्या जागी गाठ सुटते. काही जातींना पाण्याबाहेर काढून फार हाताळले तर त्यांची कातडीच हातात विरघळू लागते, ती याच कारणाने.

या कातडीवरून माणसाने एक पदार्थही बनवला आहे. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये असा पदार्थ जगापुढे मांडला, जो कोरडा असताना कडक राहतो आणि ओला झाला की नरम पडतो. मेंदूचे संदेश टिपणारी बारीक तार आत घालताना ती कडक हवी, पण आत गेल्यावर कडक तार मेंदूच्या मऊ गाभ्याला इजा करते. या अडचणीवर उपाय शोधताना त्यांना समुद्रकाकडी आठवली. त्यांनी रबरासारख्या पदार्थात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळले. कोरडेपणी तंतू एकमेकांना धरतात, पाणी शिरले की पकड सुटते. वर्ध्याकडे कांजी केलेली खादी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या प्रयोगातील तंतू एका समुद्री प्राण्याच्या आवरणातून घेतलेले होते, पण सेल्युलोज म्हणजे तेच द्रव्य, ज्याचा आपला कापूस जवळजवळ संपूर्ण बनलेला असतो, आणि असे सूक्ष्म तंतू कापसापासूनही काढता येतात. पऱ्हाटीच्या बोंडातले द्रव्य आणि समुद्राच्या तळावरच्या प्राण्याची युक्ती एका पदार्थात एकत्र येऊ शकतात, ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा बराच वेळ वर्गात कोणी बोलले नाही.

आतड्यावाचून ती जगते कशी?

काही आठवडे ती खात नाही. तिचे शरीर मुळातच कमी शक्तीत चालते आणि जाड कातडीत साठवण असते. जपानकडील एका जातीत तर पाणी तापल्यावर उन्हाळ्यात ती खाणे थांबवून पडून राहते आणि तिचे आतडे आपोआप आक्रसते. हवामान बदलले की ते पुन्हा वाढते. म्हणजे रिकाम्या पोटाने काळ काढणे तिला नवे नाही.

गेलेला अवयव पुन्हा घडवणे म्हणजे पुनर्जनन. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर आढळणाऱ्या एका जातीवर याचा अनेक वर्षे अभ्यास चालू आहे. तेथे दिसलेला क्रम असा. आतडे जाते, पण त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची कड शरीरातच राहते. त्या कडेवर पेशींची एक जाडसर दोरी तयार होऊ लागते. पुढे घशाकडून एक आणि मागच्या कप्प्याकडून एक अशा दोन पोकळ नळ्या या दोरीतून एकमेकींकडे सरकतात आणि मध्ये मिळतात. फक्की टाकून आखलेल्या रेघेवर दोन्ही टोकांनी पाट खोदत यावे आणि मध्यावर पाणी एक व्हावे, तसे हे काम चालते. सुमारे महिन्याभरात वापरता येईल असे आतडे तयार होते.

यात खोदणारे मजूर कोण? आजूबाजूच्या स्नायूंतील काही पेशी आपले ठरलेले काम सोडतात, साध्या पेशींसारख्या होतात आणि मग नव्या कामाला लागतात. गवंड्याने आपली थापी बाजूला ठेवून पाया खणायला यावे तसे. माणसाच्या प्रौढ पेशी असे क्वचितच करतात.

पालीची शेपटी तुटते, त्यात आणि यात फरक काय?

फरक मोठा आहे. पालीला नवी शेपटी येते, पण तिच्यात पहिल्यासारखी मणक्यांची हाडे नसतात. त्या जागी कूर्चेची नळी असते. शिवाय शेपटीवाचून पाल जेवू शकते. समुद्रकाकडी ज्याच्यावाचून जगता येणार नाही असे कोणालाही वाटेल ते आतडेच देते, आणि नवे आलेले आतडे पुन्हा पचनाचे पूर्ण काम करते. आपल्याकडे यकृताचा भाग कापला तर उरलेले यकृत वाढून भरून काढते. पण आतडे पूर्ण गेले तर आपल्या शरीराला जखम बुजवून व्रण करण्यापलीकडे मार्ग नाही. व्रण लवकर होतो आणि रक्त थांबवतो, म्हणून तोही जीव वाचवणाराच उपाय आहे. पण एकदा तो झाला की त्या जागी नवा अवयव घडत नाही.

यावरून एक गैरसमज पसरतो, तो येथेच खोडून काढायला हवा. समुद्रकाकडीची भुकटी खाल्ल्याने माणसाचे अवयव पुन्हा वाढतात असे नाही. पुनर्जनन तिच्या पेशींच्या वागण्यात आहे. ते पोटात पचून दुसऱ्याच्या पेशींत उतरत नाही. अशा नावाने कोणी गोळ्या विकत असेल तर घरातील पैसा त्यात घालू नये, आणि चालू असलेले औषध तर मुळीच बंद करू नये.

ती विषारीही असते का?

बऱ्याच जाती असतात, आणि हे विष विदर्भातील घराघरांत ओळखीचे आहे. रिठे भिजवून चोळले की फेस येतो तो सॅपोनिन या द्रव्यामुळे. समुद्रकाकडीच्या कातडीत आणि दोऱ्यांत याच वर्गातील द्रव्ये असतात. ती माशांच्या कल्ल्यांवर आघात करतात आणि रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. पॅसिफिक बेटांवरील लोक खडकांतील डबक्यांत समुद्रकाकडी चेचून टाकत आणि गुंगलेले मासे गोळा करत. माणसाने ती हाताळली म्हणून सहसा काही होत नाही, पण तिचा स्राव डोळ्यांत जाऊ देऊ नये.

एवढे संरक्षण असताना ती संपत का चालली आहे?

चिकट दोरे, टाकून देता येणारे आतडे, विष, कातडीची पकड हे सारे उपाय तिला खाऊ पाहणाऱ्या माशा-खेकड्यांसाठी घडले आहेत. त्यांपैकी एकही माणसाच्या हातावर चालत नाही. ती पळत नाही, म्हणून पाणबुड्याने नुसती उचलून पिशवीत टाकावी. आतडे फेकले तरी घेणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्याला हवी असते ती कातडीची भिंत, आणि आतडे तर तो स्वतःच काढून टाकणार असतो. मग तिला उकळतात. काही जाती वाळूत पुरून कातडीतील चुन्याचे बारीक कण सुटे करतात, पुन्हा उकळतात आणि उन्हात वाळवतात. चीनमध्ये आणि पूर्व आशियात या वाळवलेल्या मालाला मेजवानीत आणि औषधात मोठा मान आहे, आणि भारताच्या किनाऱ्यावरून हा व्यापार कित्येक शतके चालत आला.

यात तिच्या प्रजननाची एक अडचण भर घालते. नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात आणि ते तेथेच एकत्र येते. जवळपास दुसरी समुद्रकाकडी असेल तरच फलन होते. एखाद्या भागातून बहुतेक उचलल्या आणि दूरदूर एकेक उरली, तर उरलेल्या जिवंत असूनही पुढची पिढी होत नाही. मोजणीत त्या दिसतात, पण वंश थांबलेला असतो.

भारत सरकारने २००१ मध्ये समुद्रकाकडीच्या सर्व जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले. ताडोबाच्या वाघाचे नाव याच अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाचे कातडे बाळगणे आणि वाळवलेली समुद्रकाकडी बाळगणे हे दोन्ही कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीतले गुन्हे आहेत. लक्षद्वीपमध्ये चेरियापाणी येथे २०२० मध्ये २३९ चौरस किलोमीटरचे खास समुद्रकाकडी संवर्धन क्षेत्रही घोषित झाले.

यावर तमिळनाडूतील रामनाथपुरमच्या बाजूचे मच्छीमार म्हणतात की त्यांच्या आजोबांपासूनचा धंदा एका अधिसूचनेने गेला, आणि पलीकडे श्रीलंकेत परवाना घेऊन हीच समुद्रकाकडी काढता येते, म्हणून चोरटा माल तिकडे जातो. त्यांचे म्हणणे मला झटकून टाकण्यासारखे वाटत नाही. जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत आणि ज्यांना वाघाच्या भीतीने जागलीला जाता येत नाही, ते आपल्याकडील शेतकरी हीच व्यथा वेगळ्या शब्दांत मांडतात. यातून निघण्याची एक वाट म्हणजे पैदास. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तुतिकोरिन येथे १९८८ मध्येच एका मौल्यवान जातीची पिल्ले उबवणकेंद्रात तयार करून दाखवली होती. रोपवाटिकेत रोपे करून शेतात लावावीत, तशी ही पिल्ले समुद्रात सोडता येतात. बंदी आणि पैदास या दोन्ही गोष्टी एकत्र चालवल्या आणि मच्छीमारांना त्यात कामाला घेतले, तर तंटा कमी होईल असे मला वाटते.

आपण इतक्या दूरच्यांनी याचा विचार का करावा?

ज्याच्या शेतात गांडुळे आहेत त्याला हे चटकन कळेल. गांडूळ माती खाऊन ती भुसभुशीत आणि कसदार करून टाकते. समुद्रकाकडी समुद्राच्या तळाशी तेच करते. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाभोवतीच्या प्रवाळखडकावर शास्त्रज्ञांनी ड्रोनच्या मदतीने समुद्रकाकड्या मोजल्या. एकाच जातीच्या तीस लाखांहून अधिक निघाल्या, आणि त्या वर्षाला ६४,००० टनांहून अधिक वाळू खाऊन बाहेर टाकतात असा हिशेब लागला, तोही एका बेटाभोवतीचा. २०२४ मध्ये पॅसिफिकमधील प्रयोगांतून असेही पुढे आले की ज्या तुकड्यांतून समुद्रकाकड्या उचलल्या, तेथील प्रवाळ अधिक प्रमाणात मेले. कुजके कण साफ करणारे कोणी उरले नाही की त्यांतील सूक्ष्मजीव प्रवाळाला बाधतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. रासायनिक खताने गांडुळे गेलेली जमीन कशी होते हे आमच्या गावाने पाहिले आहे, म्हणून हा निष्कर्ष मला परका वाटला नाही.

शिवाय आपण समुद्रापासून वाटतो तितके दूरही नाही. चंद्रपूर आणि वणीच्या बाजूला सिमेंटसाठी जो चुनखडक खणतात, तो पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. तेव्हा समुद्रकाकड्या नव्हत्या, पण समुद्र येथेच होता.

बाटलीतला कापूस

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकत असताना प्रयोगशाळेच्या फळीवर फॉर्मलिनची एक बाटली होती. आत आक्रसलेला तपकिरी गोळा होता. त्याचे नाव, संघ, वर्ग मी पाठ केले होते आणि परीक्षेत बरोबर लिहून गुणही मिळवले होते. बाटलीच्या तळाशी, त्या गोळ्याच्या मागच्या टोकाजवळ, पांढऱ्या तंतूंचा एक गुंता दिसे. आम्ही सगळ्या कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या मुली. नमुना हलू नये म्हणून कोणीतरी आत कापूस घातला असेल असेच आम्ही समजलो, आणि एकीनेही विचारले नाही.

नमुना तयार करताना समुद्रकाकडीला आधी गुंगी द्यावी लागते, नाहीतर औषधात पडताच ती आपले दोरे सोडते. हे मी कित्येक वर्षांनी वाचले. त्या बाटलीतला तो कापूस नव्हता.